आबा सुर्व्यांचा गोडावण

आबा सुर्व्यांच्या फोटोतला वाघ जिवंत दिसायचा. लग्न होऊन मी खासगी बाजारात राहायला आले, त्याला महिना होत आला असेल, तेव्हा मला कळलं की त्यातला एकही वाघ जिवंत नव्हता.

कळलं तेही त्यांच्याच तोंडून. आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एक. खाली रस्त्याकडे तोंड करून त्यांचा स्टुडिओ होता आणि काचेच्या खिडकीत एक मोठा फोटो होता: खडकावर बसलेला वाघ, मान ताठ, नजर थेट बघणाऱ्यावर. मी शाळेत जाता-येता त्या वाघाला बघत असे. एक दिवस सुर्वेकाकूंनी चहाला बोलावलं, तेव्हा मी आपलं कौतुकानं विचारलं, "आबा, इतक्या जवळून फोटो घेताना तुम्हाला भीती नाही वाटली?"

"भीती कशाची, मास्तरीणबाई? मेलेला होता तो!" आबा म्हणाले. "सकाळीच मारला होता सरकारांनी. हनुवटीखाली दगड दिलाय, त्याच्यावर गवत पसरलंय. डोळ्यांत ग्लिसरीनचा थेंब. मेल्यावर जीभ बाहेर येते हो त्यांची, ती आत ढकलायची आणि जबडा आतून दोऱ्यानं बांधून टाकायचा. मान वर, जीभ आत. एवढं जमलं की काम झालं."

माझ्या हातातली बशी कलंडली आणि चहा साडीवर सांडला. काकू म्हणाल्या, "अहो, नव्या मुलीला काय सांगताय हे!" आबांना कळेचना, की यात दचकण्यासारखं काय आहे.

संस्थानच्या शिकारखात्यात आबा फोटोग्राफर होते. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. घरात एक तलवार होती आणि आबांना ती धरता येत नव्हती, हे ते स्वतःच सांगत. मोठे लोक शिकारीला यायचे, बार व्हायचा आणि मग आबांना हाक पडायची. आपला लाकडी कॅमेरा, तिकाटणं आणि काचेच्या प्लेटांची पेटी घेऊन ते पुढे व्हायचे आणि मेलेल्या जनावराला जिवंत करायचे. वाघ, बिबटे, अस्वलं, हरणं, पक्षी. पक्ष्यांना उभं करायचं तर पायांतून बांबूच्या काड्या घालाव्या लागत. हे सगळं ते जेवताना सांगत. मी शाकाहारी घरातली. मला घास गिळवत नसे.

पण खरा धक्का मला बसला तो माझ्या स्वतःच्या फोटोनं. लग्नानंतर आमचा जोडीचा फोटो आबांनीच काढला होता. त्यांनी बोटानं माझी हनुवटी उचलली होती, ओल्या कापसानं माझ्या डोळ्यांचे कोपरे टिपले होते, पदराच्या चुण्या सारख्या केल्या होत्या आणि काळ्या कपड्याखाली डोकं घालता घालता म्हणाले होते, "मान वर. तोंड मिटा. श्वास नका घेऊ." तेव्हा मला केवढी काळजी घेतात असं वाटलं होतं. वाघाची हकीकत ऐकून घरी आल्यावर मी तो फोटो भिंतीवरून काढला आणि नीट बघितला. आम्ही दोघं अगदी उत्तम पेंढा भरलेलं जोडपं दिसत होतो. मी यजमानांना म्हटलं, "बघा, काय केलंय आपलं!" ते सचिवालयात नोकरीला. अर्ध्या गोष्टी कानाआड करायची त्यांना सवय. म्हणाले, "चांगला तर आलाय."

मग संस्थान विलीन झालं. आमच्या गल्लीत त्या दिवसांत जो तो बाड्यावर, गावातल्या मोठ्या चौकात, जाऊन बातम्या आणायचा. कोण राहणार, कोण जाणार, पगार कोण देणार. मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं आणि शिकारखातं बंद पडलं. हत्ती विकले, तंबू विकले, भिंतीवरची मुंडकी कोण कुठे घेऊन गेलं कुणास ठाऊक. आबांना कुठल्याशा खात्यात तात्पुरतं चिकटवलं आणि मंत्र्यांच्या हारतुऱ्यांचे फोटो काढायला लावलं. तिथेही ते सवयीनं पुढे होऊन मंत्र्यांची हनुवटी उचलायचे. एका मंत्र्यानं हात झटकला म्हणे.

एक दिवस संध्याकाळी ओट्यावर बसलेले असताना आबा एकदम म्हणाले, "मास्तरीणबाई, जन्मभर इतके फोटो काढले. जिवंत जनावर एकही नाही."

मी म्हटलं, "मग काढा की. आता कोण अडवतंय?"

"काढणारच आहे. मारवाडात जातोय. वाळवंटात."

काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पन्नाशी ओलांडलेला, गुडघे दुखणारा, शनिवारी सराफ्यापर्यंत जायचं तरी टांगा करणारा माणूस, आणि म्हणे वाळवंट! माझे यजमान म्हणाले, "आबा, पक्षीच हवा तर आपल्या घाटीगावाकडे हुकना आहे की. तोच तो, माळढोक. मारवाडात त्यालाच गोडावण म्हणतात. इतक्या लांब कशाला?"

आबा म्हणाले, "इथल्या नाल्यानाल्यात मी कुणाला तरी मेल्यावर उठवून बसवलंय. इथे कॅमेरा लावला ना, की माझं लक्ष दगड कुठे आहे इकडे जातं. मला अशी जागा हवी जिथे मी एकही मेलेलं बघितलं नाही."

आणि खरंच गेले. पावसाळ्याच्या तोंडावर गेले, कारण तेव्हाच नर नाचतो. पोखरणच्या पुढे कुठे तरी एका ढाणीत राहिले, म्हणजे वाळूतल्या चार झोपड्यांच्या वस्तीत. परत आले ते ओळखू येईनात इतके काळे पडलेले, ओठ फुटलेले आणि हात रिकामे. एकही फोटो नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. काकूंनी अबोला धरला, तरी गेले.

दुसऱ्या वेळी मात्र टांग्यातून उतरले ते हसतच. ओट्यावर चढून, धोतर खोचून, त्यांनी आम्हाला तो पक्षी करून दाखवला. शिकारीत झुडपांची ओदी करतात, लपून बार टाकायला. तशीच ओदी आबांनी वाळूत खणली होती आणि कॅमेरा भिंगापर्यंत पुरला होता. पहाटेपासून आत पालथं पडायचं. मग तो यायचा. माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, डोक्यावर काळी टोपी. एका जागी उभा राहायचा, शेपूट पाठीवर उलटं घ्यायचा आणि गळ्यातली पांढरी पिशवी फुगवत फुगवत पार पायांपर्यंत आणायचा. आणि मग हुंकार. आबांनी तो हुंकार काढला तेव्हा समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

"उजव्या पायाला दोनच बोटं आहेत त्याच्या," आबा सांगत होते. "तिसरं कुठे गमावलं कुणास ठाऊक. रोज त्याच जागी यायचा हो. मी श्वास धरून पडलेला. आणि तो श्वास घेतोय, मास्तरीणबाई! छाती वरखाली होतेय! मी विसरलोच कॅमेऱ्याची दोरी ओढायला. तीन सकाळी वाया घालवल्या नुसतं बघण्यात."

फोटो मात्र अप्रतिम आला होता. मध्ये तो फुललेला पक्षी. मागे लांबवर वाळूची चढण, एक वाकडं खेजडीचं झाड आणि कुणाच्या तरी समाधीवरची, एक खांब पडलेली जुनी दगडी छतरी. मी म्हटलं, "पक्षी आणखी मोठा नाही का करता येणार? मागचं काढून टाका."

आबा भडकलेच. "मागचं काढून टाकू? मग वाघाच्या मागे तंबूचा पडदा लावायचो त्यात आणि ह्यात फरक काय राहिला? हा पक्षी त्या जागेचा आहे. जागा दिसलीच पाहिजे. त्या छतरीखाली सावलीला बसतो तो. त्या खेजडीच्या शेंगा खातो. त्याचं घर आहे ते!" खिडकीतला वाघ त्यांनी त्याच दिवशी काढला आणि तिथे गोडावण लावला. आणि जाता जाता हळूच मला सांगितलं, "छतरीच्या पलीकडे एक तळं आहे. त्याच्या अंगाला आणखी तीन नर नाचतात. पुढल्या वर्षी तिकडे."

त्या हिवाळ्यात बाड्याजवळच्या एका हॉलमध्ये चित्रांचं आणि फोटोंचं प्रदर्शन भरलं. आबांच्या फोटोभोवती गर्दी. तिथे एक साहेब आले. नव्या सरकारातले बडे अधिकारी, रुबाबदार माणूस, बोलणं अतिशय गोड. ते त्या फोटोसमोर इतका वेळ उभे राहिले की आबांचे डोळे भरून आले. मी तिथेच होते, काकूंबरोबर.

"सुर्वे साहब, कमाल कर दिया आपने," साहेब म्हणाले. "आणखी थोड्या दिवसांत नवं राज्य होतंय, भोपाळला सगळं जाणार. माझ्या मनात आहे, जंगली जनावरांच्या फोटोंचं एक स्वतंत्र काम तुमच्याकडे सोपवावं. गाडी, माणसं, कॅमेरे. फिरिए हिंदुस्तान भर." आणि मग, तेवढ्याच गोड आवाजात, "यह जगह कहाँ है?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिकारखात्यात 'खबर' म्हणून प्रकार असायचा. वाघ कुठल्या नाल्यात उतरला, पाण्याला केव्हा येतो, ही बातमी म्हणजे खबर. ती मिळाली की धावत जाऊन मालकाच्या कानावर घालायची. खबर दाबली तर त्या नोकरीत त्याहून मोठा गुन्हा नाही. आबांचं सगळं आयुष्य त्या शिस्तीत गेलेलं. साहेबांनी विचारलं मात्र, आबा ताठ उभे राहिले, हात जोडले आणि पोपटासारखे बोलू लागले. पोखरणहून कुठला रस्ता, कुठली ढाणी, छतरी कुठे, पाऊस पडल्यावर कितव्या दिवसापासून येतो, उजाडताना कुठे उभा असतो. साहेब मान डोलवत होते. तळ्याचं सांगायला आबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणी तरी साहेबांना फोटोसाठी बोलावून नेलं.

आम्ही परत येताना टांग्यात आबा लहान पोरासारखे खूश. "कदर आहे माणसाला! जागा विचारली, बघितलंत? पक्षी कुठला हे कुणीही विचारतं. ह्यानं जागा विचारली!" मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, आम्हाला सगळ्यांनाच तो साहेब देवमाणूस वाटला होता.

पुढचा पावसाळा आला. आबा मारवाडला निघायच्या तयारीत होते, पण गुडघ्यानं दगा दिला आणि जाणं लांबलं. एका सकाळी गल्लीत सरकारी जीप शिरली. पट्टेवाल्यानं लाकडी पेटी उतरवली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. "साहब ने भेजा है," तो म्हणाला. आबांचा चेहरा उजळला. आता भोपाळचं पक्कं झालं, असं काकू मला म्हणाल्या. शेजारपाजारचे जमले. कुणी म्हणालं आंबे असतील, कुणी म्हणालं कॅमेरा आला. आबांनी स्वतः झाकण उचकटलं.

आत बर्फ होता. बर्फात पुरलेल्या पक्ष्याचे दोन पाय वर आलेले, सुतळीनं एकत्र बांधलेले. उजव्या पायाला दोन बोटं.

पट्टेवाला सहज म्हणाला, "साहब ने कहा है, फोटो खींच दीजिए। पुराने ढंग से। खड़ा करके।"

आणि आबांनी काय करावं? त्यांनी बाह्या सरसावल्या. हो! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी पक्षी दोन्ही हातांनी उचलला, पाटावर ठेवला, सुतळी कापली. काकूंना म्हणाले, "कापूस आण. ओला." चेहरा कोरा होता, पण हात भराभर चालत होते. त्यांनी पक्ष्याचे डोळे पुसले. पिसं सारखी केली. चोच उघडून जीभ आत लोटली. कोपऱ्यातली बांबूची काडी उचलून तिचं टोक चाकूनं तासायला लागले. मला पेटी बघून बसला नव्हता इतका धक्का ते हात बघून बसला. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली, "अहो आबा, हे काय करताय!"

आबा थांबले. हातातल्या काडीकडे बघितलं. मग पाटावर पडलेल्या त्या मानेकडे बघितलं आणि खाली मटकन बसले. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी आधी ऐकलेला होता. ओट्यावर त्यांनी काढून दाखवलेला हुंकार. पण या वेळी ते काही करून दाखवत नव्हते. रडत होते. काकू त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

"मीच दिली खबर," ते म्हणत होते. "मीच. रस्त्यासकट दिली."

थोड्या वेळानं ते उठले, कॅमेरा आणला आणि फोटो काढला. पक्षी जसा पडला होता तसा. मान लोंबलेली, बर्फाचं पाणी, सुतळीचा तुकडा, छर्ऱ्यांनी फाटलेली छाती आणि पुढे ते दोन बोटांचं पाऊल. दगड नाही, काडी नाही. त्याच फोटोची प्रत त्यांनी साहेबांना पाठवली. गल्लीत सगळ्यांना वाटलं, आता नोकरी गेली.

पण साहेब असे तसे नव्हते. दिवाळीच्या तोंडावर ते स्वतःच आले. राजधानी भोपाळला निघाली होती, गल्लीतल्या दर दुसऱ्या घरात सामानाची बांधाबांध चालली होती, आमच्याही. मी काकूंना चकल्यांचं ताट द्यायला गेले होते आणि दारातच अडकले. साहेबांच्या चेहऱ्यावर राग औषधालाही नव्हता. उलट हसत होते.

"आपने तो हमारी फोटो बिगाड़ दी, सुर्वे साहब. चला, हरकत नाही. वय झालं की हात चुकतो." मग खिडकीतल्या फोटोकडे बोट करून म्हणाले, "वह जगह तो अब खाली है। और कहाँ नाचते हैं? भोपाळमध्ये तुमचं काम तयार आहे. मी शब्द दिलाय. पुढच्या पावसात आपण दोघं बरोबरच जाऊ. तुम्ही तुमचा फोटो घ्या, मग मी माझा बार टाकतो. पहले आप!"

एवढं बोलून ते खरोखरच आनंदानं हसले. आपण उदारपणे काही तरी देतोय असंच त्यांना वाटत होतं. मी ताट धरून थिजले. कारण ते तळं मला ठाऊक होतं, ते तीन नर मला ठाऊक होते. आणि आबांचे हात, बघता बघता, जोडले गेले. पाठ ताठ झाली. माझ्या मनात आलं, संपलं. आता सांगणार हा माणूस. विचारल्यावर सांगायचं, याशिवाय त्याला दुसरं काही येतच नाही.

"हुज़ूर," आबा म्हणाले, "याद नहीं।"

"याद नहीं?"

"उम्र हो गई, हुज़ूर। जगह का नाम याद नहीं। रास्ता भी याद नहीं।"

साहेबांनी खूप वेळ त्यांच्याकडे बघितलं. हसू हळूहळू गेलं. मग ते जाऊन जीपमध्ये बसले. भोपाळच्या कामाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, काढणारही नव्हतं.

जीप वळल्यावर आबा पायरीवर बसले. म्हणाले, "मास्तरीणबाई, खबर दाबली मी." एखाद्याचा खून केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी चकली पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि हातातच धरून बसले.

त्यानंतरच्या दिवसांत मी सामान बांधताना गच्चीवरून त्यांना बघायची. अंगणात उन्हात बसून, डोळ्याला भिंग लावून, ते काचेच्या प्लेटवर पात्यानं काही तरी खरवडत असायचे. मी विचारलं नाही. मनात राग होता माझ्या, कुणावर ते सांगता येत नव्हतं. साहेबावर होताच. पण आबांच्या त्या भराभर चालणाऱ्या हातांवरही होता. खिडकीतला फोटो त्यांनी काढून घेतला होता. त्या जागी काहीच लावलं नव्हतं.

आम्ही निघालो त्या दिवशी आबा स्टेशनवर आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी बगलेत धरून. फलाटावर अर्धं लष्कर, म्हणजे आमचं अर्धं गाव, जमलेलं, ट्रंका, वळकट्या, रडारड. त्यांनी ते बोचकं माझ्या हातात दिलं. "तुमच्या नव्या घराला," म्हणाले.

यजमानांनी खिडकीतून वाकून विचारलं, "गोडावणच ना? आबा, तो तुमचा पोखरणच्या पुढचा, कुठली हो ती ढाणी?"

आबांनी आजूबाजूला बघितलं. हमाल, चहावाला, भोपाळला निघालेली कारकून मंडळी. ज्या माणसानं मला त्या जागेतला दगड न् दगड सांगितला होता, तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "कुणास ठाऊक. विसरलो."

गाडी हलली. ते हात वर करून उभे होते, गर्दीत लवकरच दिसेनासे झाले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

डबऱ्याच्या पुढे गेल्यावर मी कागद सोडला. तोच पक्षी होता, तसाच फुललेला. पण मागची छतरी नव्हती, खेजडी नव्हती, वाळूची चढण नव्हती. सगळं काचेवरूनच खरवडून टाकलं होतं; खरवडलेली जागा फोटोत काळी येते. जागा दिसलीच पाहिजे म्हणून माझ्यावर भडकलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं जागा पुसली होती, आणि पक्षी नुसत्या काळ्या अंधारात नाचत होता. मी फोटो उजेडात धरून बघितला, तेव्हा खाली, उजव्या पायाच्या दोन बोटांजवळ, मूठभर वाळू राहिलेली दिसली. तेवढी त्यांच्यानं खरवडवली नव्हती.